पहिला पाहुणा दारात येण्याआधी: थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देणाऱ्या नवख्यांसाठी

माझा पहिला पाहुणा आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि वीज गेली होती. दोन बॅगा घेऊन तो इमारतीच्या मागच्या भिंतीपाशी उभा होता, कारण ॲपमधल्या नकाशावरच्या खुणेने त्याला तिथेच आणलं होतं. मागच्या बाजूला दरवाजाच नाही. त्याच्या फोनची बॅटरी संपत आली होती. मी घराला रंग दिला होता, नवे पडदे शिवून घेतले होते, टेबलावर फुलं ठेवली होती. त्यातलं काहीही त्या माणसाच्या उपयोगाचं नव्हतं. त्याला हवं होतं दार, उजेड आणि अंघोळीला पाणी.

तेव्हापासून मी नवीन माणसाला एकच सांगते: पहिला पैसा सजावटीवर घालू नका, खात्रीवर घाला. विकसनशील देशांत ऑनलाइन बुकिंगचा बाजार झपाट्याने वाढतो आहे. पण त्याच ठिकाणी वीज जाते, पाणी ठरावीक वेळी येतं, पत्ते नीट लागत नाहीत, नियम धड लिहिलेले नसतात आणि चलनाचा भाव हलत राहतो. पाहुण्याला हे ठाऊक असतं. फोटो बघताना त्याच्या मनात एकच शंका असते, की तिथे पोचल्यावर हे सगळं खरंच मिळेल का. त्या शंकेचं उत्तर ज्याच्या घरात आहे, त्याचं घर भरतं. खालच्या पायऱ्या मी त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. क्रम शक्यतो मोडू नका.

पायरी १: घर असं देता येतं का, हे आधी विचारा

बहुतेक जण इथे घाई करतात. अकाउंट उघडायला अर्धा तास लागतो, म्हणून परवानगीचं नंतर बघू म्हणतात. प्लॅटफॉर्म, म्हणजे ज्या ॲपवरून पाहुणा बुकिंग करतो तो, तुमचं घर यादीत घेतो याचा अर्थ तुमच्या शहराने परवानगी दिली असा होत नाही. जबाबदारी शेवटी मालकावरच येते.

देशोदेशी नियम किती वेगळे आहेत बघा. थायलंडमध्ये २००४ च्या हॉटेल कायद्यानुसार दिवसाच्या किंवा आठवड्याच्या भाड्याने जागा देणं हा हॉटेलचा व्यवसाय धरला जातो. लहान जागांना सूट आहे, पण तिचीही नोंद करावी लागते. तुर्कस्तानात १ जानेवारी २०२४ पासून १०० दिवसांपर्यंत पर्यटकांना घर द्यायचं तर परवाना लागतो, आणि फ्लॅट असेल तर इमारतीतल्या सगळ्या मालकांची संमती लागते. ब्राझीलमध्ये सुपीरियर ट्रिब्युनल ऑफ जस्टिस या वरिष्ठ न्यायालयाने २०२१ साली एका प्रकरणात निकाल दिला, की निवासी इमारतीला स्वतःच्या नियमावलीतून अशा भाड्याला मनाई करता येते.

यावरून तुम्हाला चार दारं ठोठवायची आहेत हे लक्षात येईल: स्थानिक नगरपालिका, पर्यटन खातं, कर खातं आणि तुमची स्वतःची इमारत. घर तुमच्या मालकीचं नसेल तर मूळ मालकाची लेखी परवानगी हे पाचवं. विमा कंपनीलाही विचारा. साधा घरविमा बऱ्याचदा पैसे घेऊन ठेवलेल्या पाहुण्यांना लागू होत नाही. परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे किंवा परकीय नागरिक कार्यालयात करण्याचा नियम अनेक देशांत आहे आणि त्याची मुदत तासांत मोजतात, त्यामुळे तो अर्ज कुठे आणि कसा भरायचा हे पाहुणा यायच्या आधीच शिकून ठेवा.

शेजाऱ्यांना मात्र कागदावर नाही, तोंडी सांगा. स्वतः जाऊन सांगा. आपला फोन नंबर द्या, आवाज झाला तर आधी मला फोन करा म्हणा. जिन्यात रोज नवा चेहरा दिसायला लागला की शेजाऱ्याला काळजी वाटणं साहजिक आहे, आणि ती काळजी तक्रारअर्जात उतरायच्या आधी तुमच्यापर्यंत पोचलेली बरी.

पायरी २: कागद घ्या आणि रात्री मोजा

"महिन्याच्या भाडेकरूपेक्षा यात दुप्पट मिळतं" असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. तो एका रात्रीचं भाडं गुणिले ३० असा हिशेब करत असतो. तुम्ही असा करा.

समजा कायमचा भाडेकरू तुम्हाला महिन्याला १००० देईल. चलन कुठलंही धरा. एका रात्रीचं भाडं १०० ठेवता येईल. त्यातून प्लॅटफॉर्मचं कमिशन जाईल. एअरबीएनबी या घरं भाड्याने देण्याच्या प्लॅटफॉर्मवर दोन पद्धती आहेत: एकीत मालकाकडून सुमारे ३ टक्के आणि पाहुण्याकडून वेगळी फी घेतात, दुसरीत सगळी फी मालकाकडूनच, १५ टक्क्यांच्या आसपास. बुकिंग डॉट कॉम या दुसऱ्या मोठ्या प्लॅटफॉर्मवरही कमिशन साधारण त्याच घरात असतं, देशानुसार थोडं खालीवर. आपण १५ धरू. उरले ८५.

आता प्रत्येक पाहुणा गेल्यावर होणारा खर्च: सफाई, चादरी-टॉवेलची धुलाई, साबण, टिश्यू. तो २० धरा. पाहुणा सरासरी दोन रात्री राहिला तर रात्रीमागे १० गेले. हाती ७५. याशिवाय वीज, पाणी, इंटरनेट, इमारतीची देखभाल, मोडतोड हा सगळा खर्च आता तुमच्या अंगावर आहे, जो भाडेकरू स्वतः भरत होता. तो महिन्याला ३५० धरा. म्हणजे भाडेकरूइतकंच मिळवायला १३५० भागिले ७५, म्हणजे १८ रात्री भराव्या लागतात. जास्तीची कमाई एकोणिसाव्या रात्री सुरू होते.

आता हाच हिशेब पाहुणा एकच रात्र राहतो असं धरून करा. रात्रीमागे हाती ६५ येतात आणि २१ रात्री भराव्या लागतात, म्हणजे महिन्यात २१ वेळा सफाई आणि २१ वेळा चावी देणं. पाहुणा सरासरी चार रात्री राहिला तर हाती ८० येतात, १७ रात्री पुरतात आणि सफाई चार-पाच वेळाच करावी लागते. दोन्हींतला फरक पैशात चार रात्रींचा दिसतो, पण कष्टात तो कितीतरी मोठा आहे. म्हणून सुरुवातीपासून किमान दोन रात्रींची अट घाला आणि आठवड्याच्या मुक्कामाला सूट द्या. नवीन मालक एक रात्र देऊन कॅलेंडर भरतात आणि तीन महिन्यांत थकून जातात, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

वर्षातले मंदीचे महिने वेगळे काढा. त्या महिन्यांत दहाच रात्री भरल्या तर चालेल का, कर्जाचा हप्ता निघेल का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. उत्तर "नाही" असेल तर भाडेकरूच ठेवा. त्यात काही कमीपणा नाही.

पायरी ३: आपल्याच घरात पाहुणे म्हणून दोन रात्री राहा

बॅग भरून जा. संध्याकाळी उशिरा पोचा. घरातल्या ओळखीच्या सवयी विसरून सगळं हाताने करून बघा. अंघोळीचं पाणी गरम व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. झोपताना दिव्याचं बटण हाताशी येतं का? पहाटे उजेड डोळ्यांवर पडतो का? फोन चार्ज करायला पलंगाजवळ सॉकेट आहे का? मला माझ्या घरात पहिल्याच रात्री कळलं, की बाथरूमचा नळ उलट्या दिशेने फिरवला तरच बंद होतो. इतकी वर्षं माझा हात ते आपोआप करत होता.

आणि मग मुख्य स्विच बंद करा. वीज गेली असं समजून चार तास काढा.

या चार तासांत तुम्हाला कळेल काय घ्यायचं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे राउटरला लावायचा छोटा यूपीएस. राउटर जेमतेम १० ते १५ वॅट खातो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची छोटी बॅटरीसुद्धा त्याला चारेक तास सहज चालवते. घरातून काम करणारा पाहुणा वीज गेल्याचं माफ करतो, मीटिंग तुटल्याचं करत नाही. पुढची पायरी इन्व्हर्टरची. एक साधा पंखा ७५ वॅट, दोन एलईडी दिवे १८ वॅट आणि राउटर मिळून शंभरेक वॅट होतात, आणि १५० अँपिअर-तासांची एक चांगली बॅटरी एवढा भार रात्रभर ओढते. एसी आणि गीझर त्यावर चालणार नाहीत, ते चालतात असं लिहूही नका. कुठली बटणं इन्व्हर्टरवर आहेत त्यावर हिरवा ठिपका चिकटवा.

पाण्याचंही असंच. माणशी दिवसाला शंभरेक लिटर धरा. चार माणसांचं घर असेल आणि पाणी दिवसाआड येत असेल, तर टाकी हजार लिटरपेक्षा लहान असून भागणार नाही. टाकीत किती पाणी उरलं आहे हे खालून दिसेल अशी सोय करा आणि पंप कोण, कधी चालू करतो हे पक्कं ठरवा. पिण्याचं पाणी वेगळं, झाकलेलं आणि स्पष्ट चिठ्ठी लावलेलं हवं.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. गॅसचा गीझर बाथरूमच्या आत असेल तर पाहुणा घेण्याआधी तो बाहेर, मोकळ्या हवेत हलवा, किंवा काढून विजेचा बसवा. बंद जागेत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस अंघोळ करता करता कोसळतो आणि आतून कडी लावलेली असते. घरात गॅसवर चालणारं काहीही असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, शिवाय धुराचा अलार्म आणि एक अग्निशामक सिलिंडर ठेवाच. खिडक्यांना जाळ्या असतील तर आग लागल्यास बाहेर कुठून पडायचं, तेही बघा.

पायरी ४: रस्ता लिहा

मागच्या भिंतीपाशी उभा राहिलेला माझा पाहुणा आठवा. ॲपमधली खूण मीच टाकली होती, इमारतीच्या मधोमध. गाडीवाल्याला ती मागच्या रस्त्याने जवळ पडली.

खूण इमारतीवर नाही, गाडी जिथे थांबते त्या फाटकावर टाका. मग ओळखीच्या शेवटच्या मोठ्या ठिकाणापासून चालत या आणि प्रत्येक वळणावर पाहुण्याच्या डोळ्यांनी फोटो काढा. फोटोवर बाण काढा. सगळे मिळून सात-आठ फोटो होतील. हीच फेरी रात्री पुन्हा मारा, कारण दिवसा दिसणारी पाटी रात्री दिसत नाही. ही चित्रं पाहुण्याला येण्याच्या आदल्या दिवशी पाठवा, म्हणजे वाटेत नेटवर्क गेलं तरी फोनमध्ये असतील. गाडीवाल्याला दाखवता येईल असा पत्ता स्थानिक लिपीत वेगळ्या मेसेजमध्ये द्या.

मग घर कधीही न पाहिलेल्या एका मित्राला हे सगळं पाठवा आणि फोन बंद ठेवून आत बसा. तो दारात पोचला तरच ही पायरी पूर्ण झाली.

चावीसाठी आकड्यांचं कुलूप असलेली छोटी पेटी बसवता आली तर उत्तम. प्रत्येक पाहुण्यानंतर आकडा बदला. पण चावी हातात द्यायला जाणंही सुरुवातीला चांगलं. पहिल्या पाच-सहा पाहुण्यांना मी स्वतः भेटायला जात असे. दार उघडल्यावर त्यांची नजर आधी कुठे जाते, हे बघून मी जेवढं शिकले तेवढं कुठल्या व्हिडिओतून शिकले नाही.

पायरी ५: लिस्टिंग, म्हणजे ॲपवरची तुमच्या घराची जाहिरात

फोटो दिवसा, पडदे उघडून, खोलीच्या कोपऱ्यात छातीच्या उंचीवर फोन आडवा धरून काढा. एअरबीएनबीच्या संस्थापकांनी २००९ साली न्यूयॉर्कला जाऊन मालकांच्या घरांचे फोटो स्वतः काढले आणि तिथली बुकिंग वाढली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. फोटो महत्त्वाचेच. फक्त ते खरे असू द्या. खोली मोठी दाखवणारी लेन्स वापरलीत तर पाहुणा दारातच नाराज होतो.

उणिवा स्वतःहून सांगा: तिसरा मजला, लिफ्ट नाही, पहाटे रस्त्यावर आवाज असतो, वीज कधीकधी जाते, तेव्हा पंखा, दिवे आणि इंटरनेट चालू राहतं, एसी चालत नाही. विजेबद्दलचं हे शेवटचं वाक्य मी लिस्टिंगमध्ये घातलं तेव्हा बुकिंग कमी होईल अशी भीती होती. उलट पाहुणे त्याच वाक्याचा उल्लेख करून बुकिंग करू लागले, कारण बाकीच्या लिस्टिंगमध्ये त्याबद्दल कोणीच बोलत नव्हतं. इंटरनेटचा वेग मोजून त्याचा स्क्रीनशॉट फोटोंमध्ये टाका.

कॅमेरा असेल तर लक्षात ठेवा, एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कुठलाही सुरक्षा कॅमेरा ठेवायला बंदी केली आहे. बाहेरचा चालतो, पण तो कुठे आहे हे लिस्टिंगमध्ये सांगावं लागतं.

पायरी ६: दर आणि कॅलेंडर

पहिल्या तीन-चार बुकिंगसाठी आजूबाजूच्या तशाच घरांपेक्षा १५-२० टक्के कमी ठेवा, मग वर न्या. रिव्ह्यू नसलेल्या घरावर विश्वास टाकणाऱ्याला तेवढी सवलत द्यायलाच हवी.

महागाई वेगात असेल तर कॅलेंडर वर्षभराचं उघडू नका. आज ठरवलेल्या दराने दहा महिन्यांनंतरची रात्र विकलीत आणि दरम्यान चलन घसरलं, तर तो तोटा तुमचाच, कारण पक्कं झालेलं बुकिंग दर वाढवण्यासाठी रद्द करता येत नाही. तीन-चार महिनेच खुले ठेवा आणि दर महिन्याला दर तपासा. दोन प्लॅटफॉर्मवर असाल तर त्यांची कॅलेंडरं एकमेकांना जोडा. तरीही माहिती पोचायला थोडा वेळ जातो, म्हणून बुकिंग आलं की दुसरीकडची तारीख हाताने बंद करायची सवय लावा.

रद्द करण्याचे नियम सुरुवातीला मध्यम ठेवा. एअरबीएनबीच्या मध्यम नियमात पाहुणा पाच दिवस आधीपर्यंत पूर्ण पैसे परत घेऊन रद्द करू शकतो. फारच कडक नियम नव्या घराला परवडत नाहीत.

पायरी ७: पैसे कोणत्या वाटेने येतात

एअरबीएनबी पाहुण्याकडून पैसे आधी घेतं आणि सहसा पाहुणा पोचल्यावर साधारण २४ तासांनी तुमच्याकडे पाठवतं. बुकिंग डॉट कॉमवर बऱ्याच ठिकाणी पाहुणा घरीच पैसे देतो आणि कमिशनचं बिल तुम्हाला नंतर येतं, त्यामुळे न येणाऱ्या पाहुण्याचा धोका तुमच्याकडे राहतो. खातं उघडताना पैसे कोणत्या चलनात, कोणत्या बँकेत येतील आणि मध्ये कोण किती कापेल, हे बँकेत जाऊन विचारा. पहिल्या बुकिंगनंतर जाहीर रक्कम आणि हाती आलेली रक्कम शेजारी शेजारी लिहा.

"कमिशन वाचवू, पैसे थेट पाठवतो" असं म्हणणारा मेसेज पहिल्याच महिन्यात येईल. नाही म्हणा. व्यवहार प्लॅटफॉर्मबाहेर गेला की नुकसानभरपाईचं संरक्षण आणि रिव्ह्यू दोन्ही जातात आणि खातंही बंद होऊ शकतं. कोणी जास्त पैसे भरल्याची पावती दाखवून फरक परत मागितला, तर ती सरळ फसवणूक आहे. पैसे खात्यात दिसल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नका.

मिळकतीची नोंद रोज ठेवा. प्लॅटफॉर्मकडून कर खात्याला माहिती देण्याचे नियम एकेका देशात येत चालले आहेत.

पायरी ८: सफाई करणारी व्यक्ती

या धंद्याचा कणा तीच आहे, आणि नवे मालक तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष देतात. पाहुणा अकरा वाजता जातो, पुढचा दोनला येतो. मधल्या तीन तासांत तुमचा रिव्ह्यू तिच्या हातात असतो. महिन्याच्या ठरावीक पगाराऐवजी प्रत्येक सफाईमागे पैसे द्या, आणि घर फार घाण मिळालं तर न मागता जास्त द्या. बुकिंगचं कॅलेंडर तिच्याही फोनवर असू द्या.

प्रत्येक पलंगामागे चादरी-अभ्र्यांचे तीन जोड घ्या: एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. पावसाळी दिवसांत कपडे वाळत नाहीत आणि दोन जोडांत सगळं अडतं. चादरी पांढऱ्याच घ्या. डाग दिसतो हाच त्यांचा गुण. पाहुण्याला दिसण्याआधी तो तुम्हाला दिसतो. सफाई झाल्यावर तिने पाच फोटो पाठवायचे: पलंग, कमोड, सिंक, फ्रिजचा आतला भाग, आणि दार लावताना दिसणारी खोली. आदल्या पाहुण्याने काही मोडलं असेल तर तेही याच फोटोंतून सिद्ध होतं.

पायरी ९: पाहुणा घरात असताना आणि गेल्यावर

पोचल्यानंतर तासाभराने एकच मेसेज करा: गरम पाणी आणि वायफाय नीट चालू आहे ना? तक्रार तुमच्या कानावर आज आली तर ती दुरुस्त होते, चार दिवसांनी रिव्ह्यूमध्ये वाचली तर होत नाही. काही बिघडलं तर कारणं सांगू नका. "चाळीस मिनिटांत माणूस येतो" असं सांगा आणि तो पस्तीस मिनिटांत पोचेल असं बघा. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांचे प्रत्येकी दोन नंबर जवळ हवेत.

एअरबीएनबीवर मुक्काम संपल्यापासून १४ दिवसांत दोघांनी रिव्ह्यू लिहायचा असतो. दोघांचे लिहून होईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत तो कोणालाच दिसत नाही, म्हणून निर्धास्तपणे खरं लिहा. सुपरहोस्ट हा चांगल्या मालकांना मिळणारा एअरबीएनबीचा दर्जा मिळवायला वर्षात किमान १० मुक्काम (किंवा एकूण १०० रात्रींचे किमान ३), रिव्ह्यूंमध्ये ५ पैकी ४.८ ताऱ्यांची सरासरी, ९० टक्के मेसेजना वेळेत उत्तर आणि तुमच्याकडून रद्द झालेली बुकिंग १ टक्क्याहून कमी लागतात. ५ पैकी ४ तारे देणारा पाहुणा आपल्या मते कौतुकच करत असतो, पण सरासरी त्याने खाली येते. त्यावर वाद घालू नका. एखादा रिव्ह्यू अन्यायाचा वाटला तर एक दिवस थांबा, मग तीन वाक्यांत उत्तर द्या. ते उत्तर पुढचा पाहुणा वाचणार आहे.

पहिल्या पाच पाहुण्यांचे सगळे मेसेज एकदा बसून पुन्हा वाचा. जो प्रश्न दोघांनी विचारला, त्याचं उत्तर घरात त्या वस्तूच्या शेजारीच चिकटवा: गीझरचं बटण कुठलं, कचरा कुठे टाकायचा, दाराची कडी आधी वर ओढायची की खाली. माझ्या घरात आता अशा नऊ चिठ्ठ्या आहेत, आणि नळाची दिशा दाखवणारी चिठ्ठी मी नळ बदलला त्या दिवशी काढली.